घाडींचा गुलाबी दरवाजा

लालबागच्या मोतीराम चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दत्ताराम घाडींना मत्सराचा त्रास होता. कुणाला पित्ताचा असतो ना, तसा. दुसऱ्याचं काही बरं झालेलं दिसलं की आधी त्यांची मान खाजायची, मग कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि पुढे दोन दिवस जेवणात मीठ कमी लागायचं. त्यांच्या बायकोला, मालनला, हे लग्नानंतर लगेचच कळलं. शेजाऱ्यांकडे रंगीत टीव्ही आला आणि नवरा खाजवत बसला. तिने माहेरच्या रिवाजाप्रमाणे आमसुलाचं पाणी पाजलं, मानेला आमसूल चोळलं. उतार पडला तो थेट शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडला तेव्हा. तेव्हापासून घाडींच्या फळीवर आमसुलांची बरणी कायम हाताशी.

तसा माणूस वाईट नव्हता. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चाळीत कुणाचा फोन मुका झाला तर सुट्टीच्या दिवशीही पकड घेऊन जायचे, तार जोडून द्यायचे आणि चहासुद्धा घ्यायचे नाहीत. फक्त परत येताना त्या घरातला पंखा, पडदा, सोफा सगळं डोळ्यांत भरून आणायचे आणि घरी आल्यावर मानेला हात लावायचे.

हा त्रास कायमचा संपवावा म्हणून चौऱ्याण्णव साली दत्तारामांनी घर केलं. मुंबईत घर केलं म्हणजे बांधलं नव्हे, आहे ते उखडलं. वडिलांच्या, सीताराम घाडींच्या, काळातल्या नक्षीच्या लाद्या फोडून पांढरा संगमरवर घातला. लाकडी झडपांच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या लावल्या. छताचे वासे पीओपीखाली गाडले आणि मधोमध परातीएवढं प्लास्टरचं फूल बसवलं. नवा थोरला फ्रीज दारातून येईना, तर चौकट फोडून वीतभर रुंद केली आणि वर चकचकीत चॉकलेटी सनमायकाचा दरवाजा चढवला. खोलीत पाऊल टाकलं की दाताच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. दत्तारामांना नेमकं तेच हवं होतं.

आणि खरंच गुण आला. त्या वर्षीच्या गणपतीत चाळीच्या मंडळाचे प्रमुख पाहुणे आरतीनंतर चहाला कुठे न्यायचे असा प्रश्न पडला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. घाडींकडे. पुढे तो रिवाजच झाला. पाहुणा नगरसेवक असो, नाटकातला नट असो की शाळेचे मुख्याध्यापक, चहा घाडींकडेच, त्या फुलाखाली, त्या सोफ्यावर. दत्ताराम इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहायचे आणि पाहुणा बूट काढायला लागला की म्हणायचे, "राहू द्या हो, राहू द्या," आणि त्याने बूट काढेपर्यंत वाट अडवून उभे राहायचे. त्या काळात आमसुलांच्या बरणीवर धूळ बसली होती.

मग, तीसेक वर्षांनी, प्रितीने आपलं घर करायला घेतलं.

प्रिती म्हणजे रामू सकपाळची मुलगी. गॅलरी जिथे वळते त्या कोपऱ्यावरची खोली, दत्तारामांच्या दारातल्या खुर्चीतून नाकासमोर दिसणारी. रामू मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचा. मिल गेली, पुढे बायको गेली, शेवटी तोही गेला. पोरगी परळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या कामाला. लग्न केलं नाही, खोली भाड्याने दिली नाही, विरार-बदलापूर गाठलं नाही. रामूचं वर्षश्राद्ध झाल्यावर एके रविवारी डोक्याला ओढणी गुंडाळून तिने घरातलं सामान गॅलरीत काढलं.

दत्ताराम खुश झाले. "आता येईल बघ विचारायला," ते मालनला म्हणाले. "आपल्या संगमरवरवाल्याचा नंबर काढून ठेव."

प्रिती आली नाही. संगमरवरवालाही आला नाही. सुतार, गवंडी, वायरमन कुणीच आलं नाही. सुट्टीच्या दिवशी ती एकटी काहीतरी खरवडत बसायची आणि मोबाइलवर कुणीतरी बाप्या तिला ते कसं खरवडायचं हे सांगत असायचा.

पहिल्यांदा दत्ताराम हसले. दारातली तडकलेली लादी बदलायला हिने बाजार गाठला नाही, तर कपाट सरकवलं, त्याच्याखालची कोरी करकरीत लादी हलक्या हाताने उचलली, ती दारात बसवली आणि फुटकी कपाटाखाली ढकलली. "कंजूष बापाची पोर," दत्ताराम म्हणाले. पण पुढच्या रविवारी सोड्याच्या पाण्याने घासून ती फरशी अशी उघडली, की लाल-काळ्या वेलबुट्टीवरून कावळासुद्धा पाय पुसून चालला असता. दत्तारामांचा हात मानेवर गेला.

मग तिने ड्रममध्ये चुना भिजत घातला. सिमेंटने म्हणे जुन्या भिंतींचा श्वास कोंडतो, आतल्या आत ओल धरते. चुन्यात चिमूटभर नीळ घालून तिने स्वतः भिंती रंगवल्या. दुपारच्या उजेडात ती खोली धुतलेल्या धोतरासारखी दिसायला लागली. विजेच्या नव्या तारा तिने जुन्या लाकडी पट्ट्यांच्या आतूनच फिरवल्या आणि काळी गोल बटणं पुसून पुन्हा लावली. बापाने घातलेला पोटमाळा पुढून अर्धा काढला, तसा खिडकीवरच्या लाल-हिरव्या काचांचा उजेड थेट जमिनीवर पडायला लागला. भिंतीला बिजागरीवर एक फळी लावली. खाली पाडली की टेबल, वर केली की भिंत.

चाळीतल्या बायका जाता-येता डोकवायला लागल्या. खालच्या मजल्यावरची अपेक्षा आपल्या बाळाचे फोटो काढायला त्या खिडकीत जाऊन बसली. लोक घाडींच्या दारावरून जायचे, खुर्चीतल्या दत्तारामांना नमस्कार करायचे आणि पुढे कोपऱ्यावर जाऊन "अय्या" म्हणायचे. हे "अय्या" दत्तारामांच्या मानेत घुसायचं.

"तिनं आजोबांच्या वेळचाच ठेवलान ना सगळा," मालन म्हणाली. "मग त्यात एवढा काय बघण्यासारखा?" ते म्हणाले. "ता तुमीच सांगा. सकाळपासून तुमीच बघतास."

बघायचं तर कारण हवं. आयुष्यात कधी ताट न उचललेला हा माणूस वाट्या पोचवायला लागला. मालनने काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं की वाटीभर घेऊन कोपऱ्यावर हजर. "काकीने दिलंय," असं म्हणत उंबऱ्यात उभे राहायचे आणि डोळे फिरवायचे. आत काही जायचे नाहीत, कारण आत गेलं की चांगलं म्हणावं लागतं. पंधरवड्यात प्रितीचं वजन वाढलं असेल, पण दत्तारामांना दोष एक सापडला नाही. फार शोधून त्यांनी काढला तो असा, की दरवाजा जुना आहे, दोन फळ्यांचा आहे, आणि नुसतं तेल लावून उघडा ठेवलाय, रंगसुद्धा नाही.

"रंगाला पैसे कमी पडले का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. सागवान आहे. अळशीचं तेल पाजलंय. रंगाखाली गुदमरला होता इतकी वर्षं."

भिंती श्वास घेतात, दरवाजे गुदमरतात. हिच्या घरात माणसापेक्षा सामानाला जास्त दमा, असं मालनला सांगत दत्ताराम त्या रात्री दोन पेले आमसुलाचं पाणी प्याले.

इथवर नुसती खाज होती. घाव बसला तो गणपतीच्या आधीच्या मीटिंगमध्ये. मंडळाचा सेक्रेटरी हर्षवर्धन, जिमला जाणारा, कुणाला न दुखवता बोलायचा प्रयत्न करणारा पोरगा. त्याने कार्यक्रम वाचून दाखवला. यंदाच्या पाहुण्या कुमुद रेगे, निवृत्त न्यायाधीश. याच चाळीत पहिल्या मजल्यावर वाढलेल्या, भोईवाड्याच्या कोर्टात वकिली करत करत वर गेलेल्या. पाचव्या दिवशी आरती, सत्कार आणि मग चहा.

"चहा माझ्याकडे. लिहून टाक," दत्ताराम म्हणाले.

हर्षवर्धनने फोनमध्ये बघितलं. "काका, यंदा ना, कमिटीचं असं ठरतंय की चहा प्रितीताईकडे करूया. म्हणजे बाई जुन्या चाळकरी, त्यांना जुनं बघून बरं वाटेल. आणि फोटो पण मस्त येतील. व्हिंटेज लुक आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे… जुनं, पण भारी."

"आणि माझं?"

पोरगा अडकला. खोटं त्याला बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची छाती नव्हती. "तुमचं पण भारी आहे काका. फक्त जुनं नाही ना."

नवं म्हणावं तर तीस वर्षांचं. पीओपीच्या फुलाची एक पाकळी गेल्या पावसात पडलेली, संगमरवर पिवळा, खिडकी अर्ध्यात अडकलेली. म्हणजे दत्तारामांचं घर धड नवं नव्हतं आणि जुनं म्हणायच्या लायकीचंही नव्हतं. तीस वर्षं जपलेला चहाचा मान डोळ्यांदेखत कोपऱ्याकडे सरकला.

रात्रभर विचार करून त्यांना एक युक्ती सुचली. पंचाण्णव टक्के सुतार आळशी असतात. तीस वर्षांपूर्वी काय काढलं नि काय ठेवलं ते नीट आठवत नव्हतं, पण आपल्या सुतारानेही जुना दरवाजा काढलाच नसणार, त्याच्यावरच सनमायका चिकटवला असणार. खाली सागवान आहे. प्रितीने खरवडला, मग आपण का नाही? पाचव्या दिवसाआधी आपलाही दरवाजा गुदमरायचा थांबेल आणि मग बघू या चहा कुठे जातो.

दुसऱ्या दिवशी मालन मंडईत गेल्यावर त्यांनी उलथनं घेतलं आणि सनमायकाच्या कोपऱ्यात घातलं. लाइनमनचा हात, जोर अजून होता. सनमायका निघाला तो टराटरा तळहाताएवढा. खाली सागवान नव्हतं. खाली होता कागदासारखा पातळ प्लाय, तोही निघाला, आणि त्याच्याखाली भुसा, चिंध्यांसारख्या लाकडाच्या ढलप्या आणि एक मेलेलं झुरळ. दरवाजा आतून चक्क पोकळ होता.

मालन पिशवी घेऊन दारात आली तेव्हा नवरा उलथन्याने भोक कोरत होता. तिने आधी पिशवी ठेवली, मग आतून कालनिर्णय आणून त्या भोकावर टांगलं.

"सागवान खय गेला?" दत्ताराम खुळ्यासारखे म्हणाले.

"कसला सागवान?"

"आपला जुना दरवाजा. बाबांचा."

"तो तुमीच काढून जिन्याखाली टाकलास. डोळ्यासमोर नको म्हणालास," मालन म्हणाली. "रामूभावजी विचारूक पण इलेले, टाकतास तर मी न्हेऊ काय म्हणून. तुमी म्हणालास, जाळ जा."

दत्तारामांना रामूचं येणं आठवेना, पण दरवाजा आठवला आणि त्याबरोबर जे आठवू नये ते सगळं आठवलं. तो दरवाजा गुलाबी होता.

झालं होतं असं. मूळ रंग मालकाचा, तांबडा, सगळ्या चाळीला एकच. मग सीताराम घाडींनी त्यावर मिलचा निळा चढवला, मशीनला लावायचा, जेवणाच्या डब्यातून थोडा थोडा आणलेला. पुढे एका वर्षी मंडळाच्या मखराचा गुलाबी रंग उरला, तो फुकट जाऊ नये म्हणून दत्तारामांच्या आईने पदर खोचून दरवाजाला दोन हात मारले. गणपतीचा रंग दाराला, चांगलाच की, असं तिचं म्हणणं. अख्ख्या चाळीत असा दरवाजा दुसरा नव्हता. आणि शाळेत जाणाऱ्या दत्तूला पोरं हाक मारायची, "ए गुलाबी." क्रिकेटमध्ये गुलाबी आउट, पतंग कापला तर गुलाबी कापला. पुढे वर्षानुवर्षं त्यावर बदामी, पोपटी, पुन्हा बदामी असे थर चढले, तरी जिथे रंगाचा टवका उडेल तिथून गुलाबी डोकवायचा. तपकिरी, सभ्य, चारचौघांसारखे दरवाजे असलेल्या प्रत्येक घराचा दत्तूला तेव्हापासून हेवा वाटत आला. घर केलं तेव्हा पहिला हातोडा त्यांनी त्या दरवाज्यावर मारला होता.

संध्याकाळी वाटी न घेताच ते प्रितीकडे गेले. ती नुकतीच कामावरून आली होती. दार लावून दिवा लावत होती, त्यांना बघून तिने अर्धी फळी उघडली. "या ना आत, काका. नेहमी उंबऱ्यातूनच जाता."

ते आत गेले. तिने मागे दरवाजा लोटला आणि दत्तारामांनी त्या दरवाज्याची आतली बाजू पहिल्यांदा बघितली. सगळं लाकूड तेलाने चमकत होतं, पण डाव्या फळीवर, कडीच्या जरा वर, पाटीएवढा चौकोन तिने मुद्दाम तसाच ठेवला होता. आणि त्या चौकोनात पायऱ्यापायऱ्यांनी एकेक थर उघडा केला होता. खाली लाकूड. मग तांबडा. मग निळा. मग गुलाबी.

"हे बघताय?" प्रिती म्हणाली. "खरवडताना दिसलं, मग ठेवावंसं वाटलं. हा गुलाबी कुणी लावला असेल कोण जाणे. आमच्याकडचा नाही, पप्पांना गुलाबी आवडायचा नाही."

"हा दरवाजा कुठून आणलास?"

"पोटमाळ्याची जमीन होती ही. मोरीच्या पाण्याने आमचा मूळ दरवाजा खालून कुजला होता. पोटमाळा काढला तर ह्या दोन फळ्या निघाल्या. लावून बघितल्या, तर तंतोतंत बसल्या. चाळीचे सगळे दरवाजे एका मापाचे ना." ती हसली. "मी दहावीचा अभ्यास ह्यावर पालथी पडून केलाय."

एखादा म्हणाला असता, वा, बरं झालं, चीज झालं. दत्तारामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणजे गेले कित्येक महिने ज्याला बघून ते खाजवत होते, तो त्यांचाच दरवाजा. त्यांना आपल्याच घरचा हेवा वाटत होता.

"हा माझा दरवाजा आहे," ते म्हणाले. "माझ्या आईने रंगवलेला. मला परत हवाय."

प्रितीने त्यांच्याकडे बघितलं, मग चौकोनाकडे. वाद घालेल असं वाटलं होतं, तिने घातला नाही. पण तिचा आवाज जरा बारीक झाला. "तुमचा असेल तर घेऊन जा, काका. चुकून ठेवून घेतल्यासारखं मला नको. उद्या सुट्टी आहे, उतरवू या."

सकाळी अख्खा मजला गॅलरीत. कुणी दात घासत, कुणी दुधाची पिशवी घेऊन. हर्षवर्धनला जिमच्या जोरावर बोलावलेलं. प्रितीने बिजागऱ्यांच्या सळ्या उपसल्या, दोन्ही फळ्या उतरवल्या, आणि ती वरात घाडींच्या दाराकडे निघाली. पुढे दत्ताराम, वाटेतल्या कुंड्या बाजूला करत, "जपून, जपून, सागवान आहे," असं लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत. मालन दारात उभी, कमरेवर हात.

सनमायकाचा दरवाजा कालनिर्णयासकट काढून भिंतीला टेकवला. डावी फळी लावली. उजवी लावली. दोन्ही मिटल्या.

मधोमध वीतभर फट राहिली. त्या फटीतून आतला फ्रीज दिसत होता.

हर्षवर्धनने फळी जरा डावीकडे सरकवली, फट उजवीकडे गेली. उजवीकडे सरकवली, ती पुन्हा मधे आली.

"चाळीतल्या कुठल्याही दाराला बसेल," प्रिती हळूच म्हणाली.

"आमच्या सोडून," मालनने वाक्य पुरं केलं. "फ्रीज आणलो ना मोठो."

चार दारं पलीकडून कुणीतरी खुसकन हसलं, मग ते हसू गॅलरीभर फिरून आलं. जो दरवाजा लाज वाटली म्हणून काढला, त्यानेच तीस वर्षांनी सगळ्यांसमोर लाज काढली होती. दत्ताराम फटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ने बाई परत. उन्हात ठेवू नकोस, तेल सुकेल." आणि सनमायका स्वतः उचलून जागेवर लावू लागले. त्या दिवशी त्यांनी आमसुलाचं पाणीही मागितलं नाही, म्हणून मालनला खरी काळजी वाटली.

पाचव्या दिवशी ते आरतीला गेले, पण चहाला जाणार नव्हते. सदरा इस्त्रीचाच घातला, सवय म्हणून. आपल्या खुर्चीत बसून कोपऱ्यावरची गर्दी बघत होते, तेवढ्यात प्रिती स्वतः आली. "काका, चला. बाई आल्यात."

"माझं काय काम तिथे?"

"तो चौकोन बघून त्या रंगांचं विचारतायत. मला काय माहिती? दरवाजा तुमचा, तुम्ही सांगा."

मालनने नवऱ्याच्या पाठीला मागून बोट लावलं. ते उठले.

कुमुद रेगे बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, कोर्टातून येताना आवाज तिथेच ठेवून आल्यासारख्या हळू बोलणाऱ्या. चहाचा कप तसाच हातात, चष्मा कपाळावर, आणि नाक चौकोनाला लावलेलं. दत्ताराम तिथे पोचले, घसा साफ केला आणि सुरुवात केली. मालकाचा तांबडा. मिलचा निळा, डब्यातून आणलेला, आता न्यायाधीशासमोर बोललोय तर जप्त करू नका. लोक हसले. गुलाबीपाशी आल्यावर मात्र ते थांबले. "हा असाच. मखरातला उरलेला. आईला काही कळायचं नाही रंगातलं."

बाईंनी वळून बघितलं. "तू दत्तू ना? सीतारामकाकांचा?"

"होय."

"अरे, हा गुलाबी दरवाजा." त्यांनी त्या रंगावर बोट ठेवलं. "शाळेत जाताना मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावरून वळसा घालून जायची, हा बघायला. आमचा दरवाजा तपकिरी, शेणासारखा. मी वडिलांपाशी हट्ट धरला होता गुलाबीसाठी, तर मार खाल्ला. मला तुझा इतका हेवा वाटायचा रे, की एकदा खिळ्याने टवका काढून कंपासपेटीत ठेवला होता."

दत्तारामांनी कानाला हात लावला. खाजत नव्हतं, नीट ऐकू आलं की नाही ते बघत होते. उभ्या जन्मात त्यांनी सगळ्यांचा हेवा केला होता, टीव्हीचा, पडद्यांचा, तपकिरी दरवाज्यांचा. आपलाही कुणी कधी केला असेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आणि तेही खालच्या मजल्यावरून, दोन वेण्या घालून.

"काय वाटायचं म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हेवा."

"फार?"

"फारच," बाई म्हणाल्या, आणि मग कोर्टातला आवाज परत आणून, "पण दरवाजा परत मागितलास असं ऐकलं. तीस वर्षांनी? दावा मुदतबाह्य आहे. वादीला चहा पाजा."

प्रितीने कप दिला. दत्तारामांनी बिजागरीवरच्या टेबलाशी बसून तो प्यायला, बूट दाराबाहेर काढून. जाताना उंबऱ्यात ते तिला म्हणाले, "हा गुलाबी चौकोन जरा मोठा करता येईल का?"

"जे खरवडलं ते गेलं, काका. एवढाच उरलाय."

"तेवढाच ठीक आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तो रंग काढायचा पत्रा दे मला दोन दिवस. त्या पीओपीच्या वर आमचे वासे आहेत अजून. तुझ्यापेक्षा सरस निघतात की नाही बघ."

घरी मालनने बरणी काढली होती. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, सोफ्यावर बसले आणि वरच्या फुलाकडे असे बघू लागले, की ती बिचारी दुसऱ्या दिवसाच्या धुळीची तयारी म्हणून सोफ्यावर चादर शोधायला उठली. पण मंडळाच्या ग्रुपवर संध्याकाळी फोटो आला आणि तिला बरणी पुन्हा उघडावी लागली. फोटोत कुमुद रेगे होत्या, प्रिती होती, हर्षवर्धनचे दंड होते, मधोमध चौकोन होता. दत्ताराम नव्हते. कडेने नुसतं एक बोट आत आलेलं, गुलाबीकडे दाखवणारं.

आमसुलाचा पेला एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन ते गॅलरीत दारोदार फिरले. प्रत्येकाला फोटो मोठा करून दाखवला. "बाईंना कुणाचा हेवा वाटायचा माहितीये? विचार प्रितीला. आणि हे बघ," ते म्हणत. "हे बोट माझं."